रुक्मिणीला आणायला कोण गेलं?

महादेवराव कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि देवदानवांच्या युद्धांमागे लागले. सहा वर्षांत सहा कादंबऱ्या. त्यांत उडते रथ, बोलणारे बाण आणि पानापानाला मेलेले राक्षस. सगळ्या मी टाईप केल्या. अमरावतीला राजकमल चौकाजवळ माझं, म्हणजे इफ्फतचं, टायपिंगचं दुकान आहे. आता मला माझ्या खानदानापेक्षा यादवांची वंशावळ जास्त पाठ आहे, आणि याचा मला काडीचाही अभिमान नाही.

२००६ साली दुकानात नुकसानभरपाईच्या अर्जांची रांग लागायची. प्रत्येक अर्जाला एक तरी कागद कमी निघायचा. माणूस तो आणायला गेला की नंबर धरून बसलेल्या बायका सातव्या, शेवटच्या कादंबरीची छापलेली पानं वाचायच्या. मी अडवत नव्हते. वाचणारा माणूस निदान दर पाच मिनिटांनी ‘झालं का’ विचारत नाही.

सातवीत द्वारका बुडणार होती आणि रुक्मिणी मरणार होती. कौंडण्यपूरच्या जाईबाईंनी ते पान मला मोठ्यानं वाचायला लावलं. रुक्मिणी त्यांच्या गावची लेक. तिच्याबद्दल त्या शेजारच्या घरातल्या पोरीबद्दल बोलावं तशा बोलतात. ऐकून झालं तशा त्या कोपऱ्यात पानं तपासत बसलेल्या महादेवरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“पयून गेली त मंग काय झालं? इतक्या वर्षांत पोरीले माहेरी आनाले कोनी मुराळी गेलता का नाही?”

महादेवरावांनी समजावलं, की भावाचा अपमान झाला होता, त्यानं शपथ घेतली होती, शिवाय जुन्या ग्रंथांत तसा उल्लेखच नाही.

“भावाचं सोडा. बाप जित्ता होता ना?”

रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. महादेवराव चष्मा पुसायला लागले. मी कीबोर्डात डोकं घातलं, कारण मला माहीत होतं. त्यांची लेक पिंकी माझ्या वर्गातली. सात वर्षांपूर्वी तिनं प्रीतमशी कोर्टात लग्न केलं आणि अकोल्याला गेली. तेव्हापासून या माणसानं पाताळापर्यंत सैन्यं नेली, पण स्वतः बडनेऱ्याच्या पुढे गेला नाही. मला त्यांचा फार राग यायचा. पिंकी दर ईदला मला फोन करते, आणि ठेवता ठेवता विचारते, बाबांचा खोकला कसा आहे.

आठ दिवसांनी ते नवीन प्रकरण घेऊन आले. त्यात म्हातारा भीष्मक राजा लुगडं-चोळी घेऊन स्वतः मुराळी म्हणून निघतो. वाटेत एकही राक्षस मरत नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. राजा लेकीच्या दारात पोचतो आणि पुढे पान कोरं. दार उघडल्यावर ती काय म्हणेल, हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी मला विचारलं.

“मले काय विचारता, काका? अकोल्याची एसटी दर अर्ध्या तासाले हाय.”

ते उठून गेले. सहा कादंबऱ्यांचं गिऱ्हाईक मी एका वाक्यात घालवलं, असं मला दोन दिवस वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी ते आले. कागदावरचं अक्षर धावत्या गाडीत लिहिल्यासारखं वेडंवाकडं होतं. रुक्मिणीनं दार उघडलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हातपाय धुऊन घ्या. गिलक्याची भाजी केली आहे, पण तुम्हाला ती चालत नाही.’ मग ती रडायला लागली. राजानं भाजी दोनदा मागून घेतली. टाईप करताना मी तीनदा चुकले, कारण डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं.

महिन्याभरानं प्रकाशकाच्या संपादकांचा पुण्याहून दुकानातल्या फोनवर फोन आला. बाकी सगळं उत्तम आहे, म्हणाले, पण द्वारकेच्या महालात गिलक्याची भाजी शोभत नाही, आणि इतक्या वर्षांनी भेटलेली राणी असं बोलेल का? मी रिसीव्हर महादेवरावांच्या हातात दिला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“शोभत नसंल,” ते म्हणाले. “पन ती तेच म्हनली. मी दारात उभा होतो.”