उचकटलेल्या पट्टीची फिर्याद

मी एक जुनी पट्टी आहे. मोटारीच्या डाव्या दारावर, मधोमध आडवी बसवलेली, निकेलची. मित्रांनो, "म्हणजे शोभेची!" असं लगेच म्हणाल, तर तिथेच आपलं भांडण सुरू होईल. आयुष्यभर तेच ऐकत आलेय. कान किटले माझे.

खरं काय ते सांगते. मला धरून ठेवणाऱ्या क्लिपा दाराला पाडलेल्या भोकांत बसतात. म्हणजे माझ्या पाठीमागे दाराला ओळीने भोकं आहेत. ती झाकून पावसाचं पाणी बाहेर ठेवायचं, कुणाची सायकल घासली तर ओरखडा स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हे माझं काम. चमकते ती आपली जाता जाता.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आले, एका गोऱ्या साहेबाकडे राहिले. तो मायदेशी निघाला, तेव्हा १९४८ साली आमची मोटार आनंदा पाटलांनी घेतली. ठाण्याजवळ खाडीकाठी, कोलशेतला त्यांचं मिठागर होतं. गावातली पहिली मोटार! सगळा गाव माझ्यात तोंड बघून गेला. पाटलांची बायको बायजाबाई तर मला पदराने पुसायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पण दसरा आला. बायजाबाईने झेंडूचं घसघशीत तोरण केलं. बांधायचं कुठे? तिने स्वयंपाकघरातून उलथणं आणलं, माझ्या टोकाखाली घातलं आणि मला उचकटलं! वर आलेल्या टोकाला दोरा गुंडाळला, हळदकुंकू लावलं, हात जोडले. वा रे पूजा! जिला नमस्कार करायचा, तिचीच मान पिरगाळायची. आत एक क्लिप कट्कन मोडली, ती कुणाला ऐकूसुद्धा आली नाही. दर दसऱ्याला हेच. सण झाला की हातोडीचे दोन ठोके घालून मला चेपायचे. झालं, बसली पट्टी! बसली कसली, कपाळ माझं! दर वर्षी माझं टोक आणखी बाहेर यायचं.

मग पाटलांच्या मुलीचं, मालनचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी ती रडत रडत गाडीत बसायला गेली आणि माझ्या वाकड्या टोकात तिचं नवं कोरं लुगडं अडकून टर्रकन फाटलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. "अपशकुनी पट्टी!" कुणीतरी म्हणालं. मी अपशकुनी? आणि मला वाकवलं कुणी? आनंदा पाटलांनी रागारागाने मला धरलं आणि ओढून काढलं. दाराची सगळी भोकं उघडी पडली. त्या भोकांकडे एकानेही पाहिलं नाही.

मला चुलीपाशी टाकलं. निखारे सारायला! कोंबड्या हाकलायला! समुद्र ओलांडून आलेली मी, आणि अंगभर काजळी. तेही सोसलं असतं. पण परसात उभी असलेली मोटार मला चुलीपासून दिसायची. पावसाळाभर त्या भोकांतून पाणी दारात शिरत होतं. वर खाडीचा खारा वारा. माझं दार आतून कुजत होतं आणि मी इथे राख ढवळत होते. जीव नुसता तळमळायचा. ओरडता आलं असतं तर सगळा गाव गोळा केला असता.

दिवाळीला मालन माहेरी आली. गाडीत बसायला तिने दार ओढलं, तर दाराच्या तळातून गंजाचे पोपडे आणि गढूळ पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"आये, दारान पानी कसा आला?"

"पावसाचा आसल. त्याला काय जाला?" बायजाबाई म्हणाली.

मालनने उघड्या भोकांवरून बोट फिरवलं. "हितली पट्टी कुठं हाय?"

"ती अवदसा? चुलीपाशी. तुजा लुगडा फारला तिनं!"

"तिनं नाय फारला, आये. तुज्या तोरनानं फारला!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं हे पहिलं माणूस, आणि तेही जिचं लुगडं फाटलं तीच! मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मोटार ठाण्यात टेंभी नाक्यावर हरिहर मिस्त्रीकडे गेली. मायलेकी गाडीत, मी मालनच्या मांडीवर. हरिहरने दाराच्या तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. मला लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ केलं, नव्या क्लिपा घातल्या, प्रत्येक भोकाभोवती रबराची चकती ठेवली आणि तळहाताने दाबत गेला. टक्, टक्, टक्. एकेक क्लिप आपापल्या भोकात जाऊन बसली.

"मंग तोरन कुठं बांदू?" बायजाबाईने विचारलं.

"अहो बाई, एवढं हँडल आहे की!" हरिहर वैतागला. "ते ओढायलाच केलंय."

गावात परतल्यावर लोक जमले. "गारी कशी नवरीसारखी दिसतं!" दिसतं! पुन्हा तेच! मला तळपाय नाहीत, तरी त्यांची आग मस्तकात गेली.

पुढच्या नागपंचमीला मालन आली, तेव्हा चार दिवस पावसाने झोडपलं होतं. तिने माझ्या चकाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार उघडलं, खाली तळाला हात घातला आणि आईला दाखवला. "बग आये. सुका हाय."

बायजाबाईनेही हात घालून पाहिला. मग माझ्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "म्हंजे हिचा काम ह्या व्हता?"

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारख्या कितीतरी वस्तू असतील. त्यांच्यापुढे हात जोडण्याआधी त्या काय काम करतात तेवढं विचारा. हळदकुंकू नसलं तरी चालेल मला. पाऊस थांबला की दारात एकदा हात घालून बघत जा.