चहाडखोर कुलूप

तुमच्या गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या गळ्याची घेतली असती, पण तो शहात्तर वर्षं वापरलेला, त्याचा काय भरवसा! एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझी जीभ पक्कडीत धरा आणि कानशीने घासून काढा. कानस मीच देते, दुकानात तीस पडल्यात.

दुकान कुलूप-किल्ल्यांचं. आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, आता माझं. वडिलांच्या हातचं कुलूप म्हणजे काय चीज होती! एकदा एका चोराने आमच्याच दुकानाचं कुलूप उघडायला घेतलं. एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी वडीलच त्याला पाणी नेऊन द्यायला लागले. चौथ्या दिवशी तो त्यांच्या पायाशी बसला नि म्हणाला, "मला शिकवा." वडिलांनी शिकवलं, आणि वर पोरगीही त्याच्या गळ्यात बांधली. तोच माझा नवरा. तो आज असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, फक्त दिवस कमी सांगितले असते.

असो. गोष्ट आहे माझ्या मुलाची आणि त्याने माझ्या दाराला लावलेल्या कुलपाची.

झालं असं, की मी स्वयंपाकघरात घसरले. उजवं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर विश्रांती, कानस हातात धरायची नाही. एवढं निमित्त पुरलं.

"आई, आता एकटीने राहायचं नाही. आमच्याकडे चल," मुलगा म्हणाला.

"तुमचा सातवा मजला. खिडकीतून बघावं तर दुसऱ्याची खिडकी. त्यात दुसऱ्याची आई बसलेली."

"मग मार की तिच्याशी गप्पा."

"ती खिडकी उघडत नाही रे. तिचाही मुलगा तुझ्यासारखाच असणार."

सूनबाई खोकली. तिला हसू आलं की ती खोकते. गुणाची पोर आहे.

शेवटी तह झाला. महिनाभर मी माझ्याच घरी राहायचं, पण घरात. कचरा टाकायला बाहेर पडलं तर चालेल, दुकानाकडे फिरकायचं नाही. फिरकले, तर सामान बांधून सातव्या मजल्यावर, कायमची. आणि मी फिरकते की नाही ते कळायला मुलाने दाराला स्मार्ट लॉक बसवायचं ठरवलं. दार उघडलं की त्याच्या फोनवर टिंग वाजणार.

फिटर आला. कुलूप कसलं, काळा गुळगुळीत आरसाच. बोट टेकवा नाहीतर आकडे दाबा. मुलाची छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण उडून पंख्याला लागलं.

"किल्लीच नाही, बघ आई! म्हणजे हरवायची नाही, चोरायची नाही, कुंडीखाली लपवायची नाही. चोराने करायचं काय?"

खरं ते खरं. कुंडीखालच्या किल्ल्यांनी जितकी घरं साफ झाली तितकी पहारीने झाली नसतील. आणि ती स्वस्तातली कुलपं? शंभर कुलपांत किल्ल्या दहाच तऱ्हेच्या. शेजाऱ्याची किल्ली तुमच्या कुलपाला लागते. लावून बघायचं त्याला सुचत नाही, म्हणून तुमचं घर शाबूत. मी स्वतः विकलीत तसली, मला कोण शिकवणार! म्हणून मी मुकाट्याने मान डोलावली.

मग माझं बोट टेकवायची वेळ आली. यंत्र बाईच्या गोड आवाजात म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." दुसरं बोट. "पुन्हा प्रयत्न करा." दहाही बोटं झाली. फिटर घामाघूम. पायाचा अंगठा लावू का म्हणून मी चप्पलसुद्धा काढली.

फिटरने माझा हात उजेडात धरला. "आजी, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत हो!"

साठ वर्षं पितळ घासलं, त्या भुश्शाबरोबर रेषाही गेल्या. "मग मी चोरच व्हायला हवं होतं," मी म्हटलं. "घराण्यात आहे."

सूनबाईला खोकल्याची मोठी उबळ आली.

मला चार आकडे पाठ करायला दिले. आणि जाता जाता फिटरने मुलाच्या हातावर दोन चिमुकल्या किल्ल्या ठेवल्या. "साहेब, बॅटरी पार उतरली तर असू द्या."

माझे कान टवकारले. किल्लीच नाही म्हणाला होता ना? मंडळी गेल्यावर मी त्या काळ्या आरशावरून हात फिरवला. खाली, अगदी कडेला, नखाएवढं झाकण. ते सरकवलं तर आत किल्लीचं भोक! वरून एवढं नटलेलं सोंग, आणि पोटात आमच्याच धंद्यातलं कुलूप, तेही सगळ्यात हलकं. घराच्या आतल्या बाजूला तसंच झाकण, त्याखाली हाताने फिरवायची छोटी मूठ. दोन्हीकडून खिट्टी सरकत होती, आणि हाताने सरकवली तर त्या यंत्राला पत्ताच नव्हता.

तेव्हा मी काही केलं नाही. शब्द म्हणजे शब्द. पण दुसऱ्याच दिवशी कचरा टाकायला गेले आणि फोन खणाणला.

"आई, दहा वाजून चार मिनिटांनी दार उघडलंस. कुठे गेली होतीस?"

"कचरा टाकायला."

"दहा-नऊला आत आलीस. कचऱ्याला पाच मिनिटं?"

"निरोप जड गेला रे."

रोज हेच. माझ्या सासूने कधी एवढी पाळत ठेवली नव्हती, आणि त्या बाईला तर भिंतीपलीकडचं दिसायचं. आमच्या जुन्या कुलपाला निदान तोंड नव्हतं!

पाचव्या दिवशी गल्लीतली शिंपीण आली. तिच्या दुकानाचं कुलूप मी दुरुस्तीला खोललेलं, ते तसंच माझ्या दुकानात टेबलावर पडलेलं. बिचारी दार आतून लावून आठवडाभर खिडकीतून ये-जा करत होती. म्हणाली, "आज्जी, काल मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक खिडकीत अडकलं."

आता सांगा, मी काय करणार?

कोरी, दात न पाडलेली किल्ली घरात होतीच. समोरच्या निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाई मदतीला आल्या, डोळ्याला भिंग आणि हातात तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा. आतली मूठ फिरवून दार उघडलं, टिंग नाही. कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी करायची, भोकात घालून दाबायची, बाहेर काढायची. आतल्या पिना जिथे टोचतात तिथे काजळी निघून ठिपका चमकतो. तिथे घासायचं. पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची.

"तिसऱ्या जागी लागतंय," डॉक्टरीणबाई भिंगातून बघत म्हणाल्या.

"कीड आहे?"

"नाही, पण अजून जरा घासा. हळू, हळू. आता चूळ भरा."

डाव्या हाताने कानस चालवली. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू जायच्या आत किल्ली फिरली.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दहाला दुकानात, एकला घरी. शिंपिणीचं कुलूप झालं, सायकलवाल्याचं झालं. कचरासुद्धा माझ्याच किल्लीने टाकायला लागले. फोन नाही, चौकशी नाही. इतकी सुखात होते की डोकं चालवायचंच विसरले.

कारण त्या यंत्राच्या वहीत काय दिसत होतं? चार दिवस दार उघडलेलंच नाही. म्हातारी आत गेली ती गेली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलाने ते पाहिलं. मला फोन केला. माझा फोन दुकानाच्या खणात, किल्ल्यांच्या ढिगाखाली, आणि वर मशीन घरघरत होतं. एकदा, दोनदा, अकरा वेळा केला.

मी एकला घरी आले, किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं. बघते तर मुलगा गुडघ्यांवर बसून पलंगाखाली डोकावतोय आणि सूनबाई कपाट उघडून उभी.

"काय हरवलंय?" मी विचारलं.

"तू!" तो ओरडला. मग हातातल्या फोनकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "हे तर अजून बंदच दाखवतंय! तू आत आलीस कशी?"

"दारातून."

मी किल्ली वर धरली. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. तो उठून पलंगावर बसला.

"मला वाटलं तू आत पडली असशील," तो म्हणाला. "चार दिवस."

त्याला पाणी दिलं. अर्धा पेला प्यायला आणि म्हणाला, "दुकानात गेली होतीस."

"गेले होते."

"ठरलं होतं आपलं. सामान बांध, आई."

"बांधते. शब्द दिला होता." मी पिशवी काढली. "पण तुमच्या दाराला कुठलं कुलूप आहे?"

"हेच. दोन्ही एकदमच घेतली."

"मग सामान राहू दे. आधी तिथे चला."

निघताना मी पिशवीत चार हत्यारं टाकली. सातव्या मजल्यावर मी झाकण सरकवलं आणि माझीच किल्ली घातली. फिरली नाही.

"बघ!" मुलाला जरा धीर आला. "प्रत्येकाची वेगळी असते."

मी पिशवीतून कानस काढली. एका दाताला दोन हात मारले, फुंकर घातली, पुन्हा घातली. खट. दार उघडलं. मुलाच्या हातातला फोन गप्पगार.

आत टेबलाशी नात एकटीच जेवत बसली होती. "आजी! तुला नंबर कुणी सांगितला?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "जेव तू."

मुलगा चपलांच्या स्टँडवर बसला. त्या दारामागे त्याची पोर रोज तीन तास एकटी असायची. मला बोलायची गरजच नव्हती, पण मी कुठली गप्प बसते!

"यंत्र काढू नकोस. पोरगी शाळेतून आली की तुला टिंग वाजतं, ते माझं कुलूप सात जन्मांत करू शकणार नाही. पण हे पोटातलं भुसकट फेक. तिथे मावेल असं मी करून देते, सात पात्यांचं, म्हणजे सात लिव्हरचं. त्यातलं एक पातं असं, की परकी किल्ली शिरली की अडकून बसतं, आणि मालकाने आपली किल्ली उलटी फिरवल्याशिवाय सुटत नाही. कुणी हात लावून गेला तर तुला कळेल."

"आणि हे करायला किती दिवस?"

"दोन्ही दारांचं मिळून महिना. पण ते दुकानात बसूनच होतं. आणि इथून दुकान लांब पडतं."

"त्यांची बोटं चालताहेत तोवर करून घ्या," सूनबाई म्हणाली. या वेळी खोकली नाही.

"आणि रोज एकला," मी म्हटलं, "मी स्वतः तुला फोन करेन. कुलपाने सांगायचं नाही, मी सांगेन. विसरले तर धावत ये, पलंगाखाली बघ, कपाटात बघ, मी काही म्हणणार नाही."

तेव्हा माझा मुलगा उठला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, मी चुकलो. तू तुझ्या घरीच राहा."

आणि मी राहिले. आजही त्याच घरी आहे, रोज एकला फोन करते, आणि दोन्ही दारांत माझी सात पाती बसलीत.

आता तुमच्या गळ्याचा प्रश्न आहे म्हणून एवढं कबूल करते. ते 'मी चुकलो' मी पदरचं घातलं. तो तसलं काही बोलला नाही. उठून दारापाशी गेला, ते नखाएवढं झाकण सरकवून बघितलं आणि विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर आणलायस?"

मी दिला.