आत्याने मला शिवलेली खोळ

मित्रांनो, टेबलाशी खुर्ची ओढून पाय लांब केलेत, की अंगठ्याला जे पत्र्याचे काहीतरी लागते ना, तो मी. मी एक जुना घरगुती संगणक आहे. पडदा आणि कळफलक ही माझीच भावंडे, पण ती वर टेबलावर बसतात आणि कौतुक करून घेतात. मी खाली बसतो आणि लाथा खातो. तक्रार करत नाही, सांगून ठेवले इतकेच.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे एकाने माझ्यात पंखा बसवला, दुसरीने पेच आवळले, तिसऱ्याने पाठीवर कागद चिकटवला आणि तिघांपैकी कोणीही माझ्याकडे धड पाहिले नाही. तिथेच मला एक गोष्ट पक्की शिकवली गेली. अंगात फार उष्णता साठली, की कोणालाही न विचारता बंद व्हायचे, नाहीतर आतले नाजूक भाग करपतात. ही शिकवण मी जन्मभर पाळली. पुढे तिच्याच पायी मी एका भल्या माणसाचे फार मोठे नुकसान केले. ती हकीकत सांगायलाच आज बसलो आहे.

मी ज्या घरी आलो तिथे तीन माणसे होती. बाबा छापखान्यात प्रुफे तपासत. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत असे. आणि तिसरी बाबांची मुलगी. लहानपणी ती चांगली गुबगुबीत होती, म्हणून तिचे नाव पडले ढब्बू. पुढे ती काडीसारखी बारीक झाली तरी नाव काही बदलले नाही. ढब्बू अडीच वर्षांची असताना तिची आई वारली होती. मग आत्या आपले शिवणाचे मशीन घेऊन या घरी आली आणि इथलीच झाली.

घरात जागा कमी, त्यामुळे मला आत्याच्याच खोलीत ठेवले. एका भिंतीला तिचे मशीन, समोरच्या भिंतीला मी. पहिल्या दिवशी आत्या हातात टेप घेऊन माझ्यापाशी आली. उंची, रुंदी, घेर, सगळी मापे घेतली, वहीत उतरवली आणि दोन दिवसांत मला खोळ शिवली. पातळ सुती कापडाची, निळ्या ठिपक्यांची. बटण दाबता यावे म्हणून समोर व्यवस्थित काज केलेले, वायरी निघाव्यात म्हणून मागे चीर ठेवलेली. शिवताना सूत उडते, कापडाची बारीक तूस उडते, ती माझ्या नाकातोंडात जाऊ नये हा तिचा हेतू. इतकी वर्षे झाली, पण सांगतो, मापाचे कपडे अंगावर असलेला आमच्या जातीतला दुसरा कोणी मी पाहिलेला नाही.

काय दिवस होते ते! ढब्बू माझ्यावर चित्रे काढायला शिकली. तिचे पहिले चित्र मला अजून आठवते. हिरवे घर, लाल माणूस, आणि माणसाहून मोठे मांजर. पुढे तिने शाळेचे निबंध लिहिले, कॉलेजचे अर्ज भरले, नोकरीचे पहिले पत्र याच पडद्यावर वाचले आणि आत्याला ओढत आणून दाखवले. मग ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. खोलीत मशीनची घरघर आणि माझी भुणभुण, एवढेच दोन आवाज उरले.

बाबा निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी विसरू लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावे, मग एकदा परतीचा रस्ता. डॉक्टरांनी सांगितले, की आठवते आहे तोवर लिहून ठेवा. बाबांनी ठरवले, की बाकी सगळे गेले तरी चालेल, पण ढब्बूच्या आईबद्दल लिहायचे. पोरीला आई आठवत नव्हती आणि त्यांच्या दोघांच्या सुरुवातीच्या गोष्टी एकट्या बाबांनाच ठाऊक होत्या. ते रोज दुपारी माझ्यासमोर बसू लागले. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी.

आता बाबांची एक खोड ऐका. लिहिलेले पान शेवटपर्यंत तपासल्याशिवाय ते सेव्ह करत नसत. छापखान्यात त्यांचा नियमच होता, की चुकीचे पान पक्के करायचे नाही. ढब्बूने आपोआप सेव्ह होण्याची सोय करून दिली होती, तीही त्यांनी हट्टाने बंद करून घेतली. आणि तपासायचे म्हणजे मोठ्याने वाचायचे. छापखान्यात एकजण वाची आणि दुसरा समोरच्या कागदावर बोट फिरवी. इथे बोट फिरवणारा कोणी नव्हता, म्हणून बाबा भिंतीला वाचून दाखवत. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळे खणखणीत.

त्याच वर्षी थंडी फार पडली. आत्याला माझी दया आली. कोणाच्या तरी कोटातून उरलेले जाड कापड तिने काढले, आत अस्तर लावले, दोहोंच्या मध्ये कापूस घातला आणि मला नवी खोळ शिवली. इतकी देखणी, की मी फुगून गेलो. पण त्या खोळीत माझा जीव गुदमरू लागला. आतली गरम हवा बाहेर पडेना आणि बाहेरची गार हवा आत येईना. अर्ध्या तासात अंग भाजू लागे. मग मी शिकवल्याप्रमाणे करी. बंद होई.

पहिल्यांदा बंद झालो तेव्हा बाबा पान वाचून संपवतच आले होते. पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा बटण दाबले आणि पान पहिल्यापासून लिहायला घेतले. पण ते पान मघासारखे उतरले नाही. निम्मेच झाले. असे आठवड्यातून तीनदा होऊ लागले, पुढे रोज. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो, पण माझ्याकडे एक काळा पडदा सोडून दुसरी भाषा नव्हती.

मग माझ्या दुखण्याचा शोध सुरू झाला. वायरमन आला, त्याने प्लग बदलला. तरी बंद. कोणी म्हणाले व्हायरस असेल, म्हणून माझी झाडाझडती झाली, त्यातही काही सापडेना. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याच्या कानावर कायम पेचकस खोचलेला असायचा. तो मला उचलून दुकानात घेऊन गेला. आत्याने तेवढ्यात खोळ धुवायला काढली. दुकानात माझा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. गार वारा लागत होता, मी तीन दिवस एका दमात चाललो. दुरुस्तीवाल्याने तरीही, पंख्याकडे ढुंकून न पाहता, वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बदलला, मला घरी आणून सोडले, आणि याचे सगळे ठीक आहे, तुमच्या घरची वीजच नाठाळ आहे, असे सांगून गेला. आत्याने धुतलेली, इस्त्री केलेली खोळ प्रेमाने माझ्या अंगात चढवली. विसाव्या मिनिटाला मी बंद.

त्यानंतर बाबांनी लिहिणे कमी केले. कोणी विचारले तर म्हणत, लिहीन परत, घाई काय आहे. काय लिहायचे होते तेच आता सापडत नाही, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही. मला ते दिसत होते. दुपारभर ते कोऱ्या पानासमोर बोटे धरून बसत.

पंधरा दिवसांची रजा काढून ढब्बू आली. तिने पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही. एक वही घेतली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. मी कधी सुरू झालो, कधी बंद पडलो, खिडकी उघडी होती की बंद, खोलीत कोण होते, सगळे लिहीत गेली. चार दिवसांनी तिच्या लक्षात आले, की आत्या मशीनवर बसली की मी हमखास बंद पडतो, आणि आत्या कपडे पोचवायला गेली, की मी तासन् तास चालतो. तिला वाटले मशीनचा आणि माझा काही विजेचा संबंध असावा. पण आत्याचे मशीन तर पायाने चालणारे.

पाचव्या दिवशी तिने फक्त आत्याकडे पाहिले. आत्या आली. मशीनवर बसण्याआधी माझ्यापाशी वाकली, बटण दाबताना वर सरकवलेली खोळ तिने खाली ओढली, थंडीत पोराचा स्वेटर ओढतात तशी, आणि मगच कापडाला हात घातला. तूस उडणार ना, म्हणून. ढब्बूने खोळीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

तिने खोळ काढली, पत्रा उघडला. माझ्या पंख्यात तुशीचा लगदा बसला होता, बोटभर जाड. जुन्या खोळीच्या चिरेतून वर्षानुवर्षे गेलेली ती तूस. शाळेच्या गणवेशाचा निळा धागा, कुणाच्या फ्रॉकचा लाल, कुणाच्या कोटाचा करडा. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे थोडे थोडे माझ्या पोटात होते. ढब्बूने मऊ ब्रशने सगळे हलकेच काढले. मी एवढा मोठा श्वास घेतला, की कागद उडाले.

आत्या तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच त्याचा गळा आवळत होते," ती म्हणाली.

ढब्बूने तिला जवळ घेतले. त्या दोघींनी बाबांची जतन झालेली पाने उघडली तेव्हा खरा घाव बसला. वर्षभराच्या मेहनतीची मोजकी सात पाने. आईशी पहिली भेट कशी झाली, याच्या पानावर एकच ओळ होती. आम्ही वाचनालयात भेटलो. बाबांना विचारले तर त्यांनी तीच ओळ वाचून दाखवली. "आईची गोष्ट एवढीच?" ढब्बूने विचारले.

आत्या मशीनच्या स्टुलावर बसली. हातात खोळ तशीच होती. मग ती बोलू लागली.

"दादा वाचनालयाचं पुस्तक परत द्यायला गेला होता. त्यात त्याने छपाईच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या. तुझी आई तिथे काउंटरवर होती. ती म्हणाली, सगळ्या चुका बरोबर काढल्यात, पण पुस्तक वाचनालयाचं आहे. आता बसा आणि खोडा. मग दादा आठ दिवस रोज जाऊन खोडत बसला. एका दिवसाचं काम होतं ते."

ढब्बू थक्क झाली. आत्याला हे कसे माहीत? तर आत्या म्हणाली, की दादा रोज मोठ्याने वाचायचा, म्हणून मी पाय थांबवून ऐकायचे. ते पान राहिलं नाही हे मला कधी कोणी सांगितलंच नाही.

त्या दिवसापासून उरलेली रजा आत्या सांगत गेली आणि ढब्बू माझ्यावर लिहीत गेली. प्रत्येक ओळीला सेव्ह करत. बाबा शेजारी बसत. मधूनच एखादा शब्द पुरवत, आणि तो बरोबर असे. सगळी पाने परत आली नाहीत. जी बाबांनी वाचायला घेण्याआधीच मी बंद पडलो, ती गेली. ती माझ्यामुळे गेली, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. पण एकवीस पाने झाली.

आता मी थकलो आहे. ढब्बूने स्वतःसाठी नवा, घडी घालता येणारा संगणक घेतला आहे. मला मात्र तिने याच खोलीत ठेवले. भिंतीपासून वीतभर पुढे, उघड्या अंगाने. महिन्यातून एकदा आत्या ब्रश घेऊन माझा पंखा झाडते, आणि शिवायला बसण्याआधी मला बंद करते. ढब्बू रजेवर आली, की दुपारी माझ्यावर ती पाने उघडून बाबांना वाचून दाखवते. बाबा लक्ष देऊन ऐकतात. परवा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "छान लिहिलंय. कोणी?"

"तुम्हीच, बाबा."

बाबांनी थोडा विचार केला. "मग एकदा तपासायला हवं," असे म्हणून त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला वारा लागू द्या, त्याच्या अंगावर पांघरुणे घालू नका. तो पुन्हा पुन्हा बंद पडू लागला तर चिडून धपाटे घालण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून पाहा. आणि घरातले कोणी म्हातारे माणूस एकटेच काही वाचत बसले असेल, तर हातातले काम थोडे थांबवा आणि ऐका.