तक्त्यावरची फुली

“मॅडम, ये गलत है,” जानकी म्हणाली आणि आठवीच्या अख्ख्या वर्गाने तिच्याकडे वळून पाहिलं.

शकुंतलाबाईंना गलत म्हणायचं? नगरा गावातल्या या हिंदी शाळेत एकतीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. आणि आज, नेमकं आजच! मागच्या बाकावर सलील धड्याला गुण द्यायचा फॉर्म घेऊन बसलेला. शेजारचाच पोरगा, पण आता शिक्षकांना शिकवणारा साहेब. एका गोष्टीने दुसरी कशी बदलते आणि त्याचा परिणाम फिरून पहिलीवरच कसा होतो, हे मुलांनी स्वतः शोधायचं, असं त्याचं नवं प्रशिक्षण. ज्याचा धडा जमेल, तो दूर गरौठा गावच्या शिक्षकांना शिकवायला जाणार. बाईंना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. जन्मात कुणी त्यांना कुठे बोलावलं नव्हतं हो!

“काकू, उत्तर तुम्ही द्यायचं नाही,” सलीलने शंभरदा बजावलं होतं. पण सवय जाते कुठे? बाईंनी तक्ता घरूनच करून आणला. कंपासने काढलेलं सुबक वर्तुळ, त्यावर बाण. पंप वाढले, विहिरीचं पाणी घटलं; पाणी घटलं, पंप कमी झाले. झालं, वर्तुळ पुरं!

“क्यों गलत है?” बाईंचा आवाज चढला.

“हमारे गाँव में पानी घटा तो पंप कम नहीं हुए, मॅडम. सबने और गहरा बोर कराया. पानी और नीचे गया.”

बाईंनी तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. ‘बैठ जाओ’ म्हणून दटावलं असतं तर ती मुकाट बसली असती. सलीलही काकूंचा मान राखून गप्प राहिला असता.

बाईंनी स्केचपेन उघडलं आणि आपल्याच बाणावर ठसठशीत फुली मारली.

“मेरा गलत था. आ, तू बना.”

मग काय विचारता! पोरं तक्त्याला मुंग्यांसारखी चिकटली. कुणी दूरवरून पाणी आणणारी आई काढली, कुणी गहू सोडून हरभरा पेरला. “एक-एक करके! हाथ उठाओ!” जानकी ओरडत होती.

बाईंना तिथे उभं राहायलाही जागा उरली नाही. त्या मागे सलीलच्या बाकावर जाऊन टेकल्या. लाज वाटायला हवी होती, पण छे, फार बरं वाटत होतं.

सलील कानाशी कुजबुजला, “काकू, सोमवारी गरौठ्याला निघायचं. पक्कं ना?”

“श्श! थांब रे जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला होता, आणि जानकीचं अजून त्यांच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.