गाडीमागची आत्या

रामप्रसादनं कॅमेरा बसवायला मुद्दाम पाचोडच्या बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी सासू घरी नसायची. सकाळीच जीपनं जायची ती दिवस कलल्यावर परत यायची. तोवर वायर ओढून, स्क्रीन लावून मोकळं व्हायचं असं त्यानं ठरवलं होतं. तिला काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं.

कॅमेरा शहागंजातून आणला होता, सुपारीएवढा. दुकानदार म्हणाला होता, "चाचा, एकदम आसान है. लाल वायर रिव्हर्स की बत्ती को, काली बॉडी को. गेर डाले की पिच्चर चालू. अब भाभी को पीछे खड़ा करने का टेन्शनच नहीं." रामप्रसाद हसला होता. दुकानाबाहेर आल्यावर त्याला त्या हसण्याची लाज वाटली. त्याच्या बायकोला, बानाला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

मेंढरं विकून त्यानं ही पिकअप घेतली होती. रानात चारा उरला नव्हता आणि जिथं चारा होता तिथं प्लॉट पडले होते. चिकलठाण्याच्या पलीकडं सोसायट्या उठल्या, त्यांचे बोअर आटले, म्हणून त्यानं गाडीवर टाकी बसवली आणि पाणी टाकायला लागला. सोसायट्यांचे हौद गेटाच्या आत, कोपऱ्यात. गाडी उलटीच न्यावी लागे. बाना मागं उभी राहायची आणि मेंढरं वाडग्यात कोंडताना द्यायची तीच हाक द्यायची, "हुर्र, हुर्र, ये ये ये." थांबायचं असलं की पत्र्यावर दोन थापा. लोक गॅलरीत येऊन हसायचे.

बाना काविळीनं गेली. तेराव्याला आलेली तिची आई, कडूबाई, परत गेलीच नाही. पाहुणे पांगल्यावर चुलीकडं तोंड करून म्हणाली होती, "लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं खात न्हाईत आमच्यात. फुकट तर मी खानार न्हाई म्हनावं. तिच्या जागी गाडीमागं उभी ऱ्हाईन, मंग भाकर खाईन." जावयाशी ती अशीच बोलायची, चुलीला नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखी. पदर नाकापर्यंत. रामप्रसाद तिला आत्या म्हणायचा, पण लग्नापासून त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि ती शब्दाला इतकी पक्की, की गाडी घरी उभी असली की ती भाकरीला शिवायची नाही. पाचोडहून आणलेल्या फुटाण्यांवर दिवस काढायची.

मग सोसायटीचे सेक्रेटरी मधुसूदनराव एकदा म्हणाले, "रामप्रसाद, ती म्हातारी मागं उभी असते, पडली-बिडली तर निस्तरायचं कोणी? कॅमेरा बसवा. नाहीतर मला दुसरा टँकर बघावा लागेल. कोण आहे ती?"

सासूला राबवतो हे सांगायला त्याची जीभ वळली नाही. "हाय एक मजुरीवाली," तो म्हणाला.

आता तो गाडीच्या मागं उताणा पडून वायर जोडत होता. गाडी गिअरमध्ये टाकून मागं येऊन बघितलं तर रिव्हर्सचा दिवा लागतच नव्हता. फ्यूज उडालेला होता. कधी उडाला कोण जाणे. मागं बाना होती तोवर त्या दिव्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. त्यानं नवा फ्यूज घातला, चित्राची पिवळी वायर सायलेन्सरपासून लांब बांधत पुढं नेली आणि केबिनमध्ये बसून गिअर टाकला. स्क्रीनवर अंगण आलं. कडुलिंब, बादली, वाळत घातलेलं धोतर.

आणि कडूबाई आली.

जीप लवकर मिळाली असावी. तिनं गाठोडं खाली ठेवलं, जावई केबिनमध्ये बसलेला बघितला आणि सवयीनं जागेवर जाऊन उभी राहिली. जावई पुढं, आपण मागं, मधे एवढी मोठी टाकी. तिनं पदर मागं सारला, घाम पुसला आणि हाक दिली, "हुर्र, हुर्र."

स्क्रीनवर बाना म्हातारी होऊन उभी होती. तीच हनुवटी, हाक देताना तसंच एका बाजूला जाणारं तोंड. रामप्रसादला नजर काढता येईना. काढायला पाहिजे हे त्याला कळत होतं. खाली उतरून "आत्या, पदर घ्या, यात दिसतं" एवढंच म्हणायचं होतं. तो उतरला आणि म्हणाला, "दिव्याचा फ्यूज बदलला."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत ती उभी राहिली तेव्हा तो आरशात बघतच नव्हता. हौद, खांब, काही नाही. गाडी मागं सरकत होती आणि तो त्या तोंडाकडं बघत होता. पत्र्यावर दोन थापा पडल्या, मग आणखी दोन. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा कडूबाई खांबाला पाठ लावून उभी होती. तिच्यात आणि गाडीत एक हात जागा उरली होती.

मधुसूदनराव धावत केबिनपाशी आले आणि आत डोकावून ओरडले. "अहो, कॅमेरा आहे ना? समोर स्क्रीनवर ती मजुरीची बाई एवढी स्वच्छ दिसतेय. बघता काय तुम्ही त्यात?"

कडूबाईनं ते ऐकलं. तिनं पदर ओढला, नाकाच्याही खाली, आणि गाडीला वळसा घालून केबिनमध्ये येऊन बसली. उरलेलं अंतर त्यानं एकट्यानं गाडी मागं घेतली. हौदापाशी बरोबर लागली. त्याचंही त्याला वाईट वाटलं.

टाकी रिकामी करून दोघं घरी आली. अंगणात उतरल्यावर ती आत गेली आणि गाठोडं घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "कवापासून दिसतंय म्हनावं?"

"कालपासून."

"समदं तोंड?"

"व्हय."

"आन मजुरीवाली कोन?"

रामप्रसादच्या तळहाताला अजून वायरीच्या टेपचा चिकटा होता, तो तेवढा खरवडत राहिला. शेवटी म्हणाला, "आत्या, बाना तुमच्यावानीच दिसायची. मला ठावं नव्हतं."

तिनं गाठोडं बाजूला सारलं. मग उठली, गाडीकडं गेली. "मला बी बघायचंय," ती म्हणाली. "तुम्ही मागं ऱ्हावा उभं."

त्यानं चाकाखाली दगड लावले, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, गिअर टाकला, तिला केबिनमध्ये बसवलं आणि मागं जाऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते कळेना. आधी खिशात घातले, मग काढले. टोपी काढून धरली. ऊन तोंडावर होतं. ती किती वेळ बघत होती ते त्याला समजायला मार्ग नव्हता, आणि हलायची त्याची हिंमत नव्हती. आपण इतके दिवस कुणालाही असं बघू दिलं नाही, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

केबिनमधून आवाज आला. "लई वाळलात." मग जरा थांबून, "आन उभं तर बघा कसं, नव्या बाजारात आनलेल्या मेंढरावानी."

ती उतरली तेव्हा पदर जागेवर होता. गाठोडं तिनं आत नेलं.

संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या. त्याला वाढलं आणि दुसऱ्या ताटलीत एक भाकर घेऊन, पाठमोरी बसून, ती स्वतः खाऊ लागली. आज तिनं गाडी मागं लावून दिली नव्हती. फुटाण्यांची पुडी गाठोड्यात तशीच होती.

"उद्या त्या सायबाला सांगायचं म्हनावं," ती चुलीला म्हणाली.

"काय?"

"सासू हाय म्हनून."

"सांगतो," रामप्रसाद म्हणाला आणि टोपलीतली आणखी एक भाकर तिच्या ताटलीत ठेवली.