मिस्त्रींना दाखवलेली दारं

मित्रांनो, मी एक रिळाचा कॅमेरा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या डाव्या खांद्याला पोचा आला आहे. भिंगाच्या कडेला बुरशीची नक्षी उमटली आहे. कळ दाबली तर ती निम्म्यावर येऊन अडते. पण जे दिसलं ते मला नीट आठवतं, आणि तेवढंच मी सांगणार आहे. पाहणं हे माझं काम. हळहळणं माझ्या बनावटीत नाही.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथे एका कामगार बाईंनी माझ्यात भिंग बसवलं, मला डोळ्याला लावलं आणि खिडकीकडे पाहिलं. लगेच मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एका फोटो स्टुडिओत. तिथे मी बारा वर्षं ओळखपत्रांचे चेहरे टिपले. हनुवटी वर, डोळे उघडे, हसायचं नाही. माणसं एरवी कितीही वेगळी असोत, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली की सगळी सारखीच घाबरलेली दिसत.

स्टुडिओच्या मालकांना फोटो धुण्याच्या खोलीसाठी एक दार हवं होतं. उजेडाची रेघही आत येता कामा नये, अशी अट होती. तीन सुतारांनी हात टेकले. चौथे आले ते आमचे मिस्त्री. त्यांनी दार बसवलं, आत जाऊन लावून घेतलं आणि तासभर अंधारात बसून राहिले. बाहेर आले तेव्हा उजेड कुठून कुठून येतो ते त्यांना पाठ झालं होतं. संध्याकाळपर्यंत खोली काळीकुट्ट झाली. मालक इतके खूश झाले की मजुरीबरोबर त्यांनी मलाही मिस्त्रींच्या हाती ठेवलं. स्टुडिओत नवा कॅमेरा आलाच होता. मिस्त्रींना फोटोंची हौस नव्हती. नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी मला घरी नेलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

कपाटावरून त्यांची खोली पूर्ण दिसे. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात रंधा, पटाशी, करवत यांची पेटी. घरात दोघंच. मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई. मिस्त्री नाकावर माशी बसू न देणारे. दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना कधी पसंत पडत नसे. बाई बोलक्या, पण त्यांच्यासमोर जरा दबूनच.

मी त्या घरात आल्यावर तिसऱ्या वर्षी मिस्त्री एका सभागृहाची उंच खिडकी बसवताना पडले. पायाखालची फळी सरकली. पाठीला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून निजले. दवाखान्याने दिलेली चाकाची खुर्ची खोलीत आली, पण ते तिच्यात बसले नाहीत. हळूहळू तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग साठू लागला. दिवसाला चार शब्द बोलत. पाणी. दिवा. नको. बस. असे आठ महिने गेले.

बाई मात्र बोलत राहिल्या. बाजारातून आल्या की कोण भेटलं, कोण काय म्हणालं, सगळं सांगायच्या. पलंगावरून उत्तर यायचं नाही. एके दिवशी पिशवी टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “कोपऱ्यावरच्या घराला नवीन दार बसवलंय. चांगलं जाडजूड आहे. बिजागऱ्यासुद्धा पितळी, बाहेरून चमकतात नुसत्या.”

“बाहेरून?” पलंगावरून आवाज आला.

“हो, बाहेरून.”

“काहीतरीच. बाहेरून बिजागऱ्या कोण लावेल? चोराला आमंत्रणच ते. पेचकस घेऊन आला की झालं.”

“अहो, डोळ्यांनी बघितलं मी.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मग स्वतः जाऊन बघा की!” बाई बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांनी ओठ आवळले. मिस्त्री पुन्हा भिंतीकडे वळले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढलं. पदराने पुसलं. स्टुडिओत जाऊन रीळ भरून घेतलं, कुठे दाबायचं आणि काय फिरवायचं ते विचारून घेतलं आणि थेट कोपऱ्यावरच्या त्या घरासमोर उभ्या राहिल्या. म्हणजे माझं दुसरं आयुष्य नवरा-बायकोच्या एका भांडणातून सुरू झालं.

एका दारासाठी सबंध रीळ वाया घालवणं त्यांना पटेना. म्हणून वाटेत जे जे दार नजरेत भरलं ते त्या टिपत गेल्या. मोठ्या दाराच्या पोटात असलेलं छोटं दार. निळा रंग उडून खालचा हिरवा दिसू लागलेलं दार. कुलपावर कोळ्याने जाळं विणलेलं दार. एका घराच्या भिंतीत वरच्या मजल्यावर दार होतं, पण जिना पडून गेला होता. उघडलं तर माणूस सरळ रस्त्यावर! त्या दाराकडे बाई बराच वेळ मान वर करून पाहत राहिल्या.

फोटो धुऊन आले. बाईंनी गठ्ठा पलंगावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मिस्त्रींनी बराच वेळ गठ्ठ्याला हात लावला नाही. मग लावला.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “हे काय आहे? दाराचा फोटो आहे का तुझ्या अंगठ्याचा?”

आठ महिन्यांत त्यांनी आपणहून अशी हाक मारली नव्हती. बाई हात पुसत बाहेर आल्या. कोपऱ्यावरच्या दाराचा फोटो वरच होता. बिजागऱ्या बाहेरून होत्या. मिस्त्रींनी तो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले, “गाढव आहे लेकाचा.” हे ते दार बसवणाऱ्या सुताराला. बायकोचं बरोबर होतं, हे मात्र काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण पुढच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “याची चौकट दिसत नाही. जरा मागे सरकून काढ.”

बाई मागे सरकून काढू लागल्या. आठवड्याला एक रीळ. घरकाम उरकलं की मला गळ्यात अडकवायचं आणि रोज वेगळ्या रस्त्याने निघायचं. लोकांना मोठं नवल वाटे. एकाने खिडकीतून विचारलं, “काय हो बाई, कर वाढवायला आलात का?” दुसऱ्याने घाईघाईने दारासमोरच्या चपला आत घेतल्या. एक आजी म्हणाल्या, “दाराचा कसला फोटो? माझा काढ. दारापेक्षा मी जुनी आहे.” बाईंनी आजींना दारात उभं करून फोटो काढला. मिस्त्रींनी घरी कुरकुर केली, “आजींनी कडी झाकली.” पण तो फोटो त्यांनी फेकला नाही.

आता मिस्त्री उशाला टेकून बसू लागले. त्यांनी एक भिंग मागवून घेतलं. फोटोच्या मागे पेन्सिलने लिहू लागले. ‘लाकूड ओलं असताना बसवलंय.’ ‘उंबरठा झिजला, मोठं घर असावं.’ एका फोटोमागे लिहिलं, ‘चांगलं काम.’ तो फोटो बाईंनी दोन-तीनदा काढून पाहिला. इतक्या वर्षांत मिस्त्रींनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग मात्र तसाच होता. बाहेर जायचं नाव काढलं की ते म्हणत, “मला लोकांनी ढकलत न्यायचं? त्यापेक्षा इथे बरा आहे.” बाई पुढचा फोटो त्यांच्या हातात देत. हे फोटो काढणं आणखी कितीही वर्षं करावं लागलं असतं तरी त्यांनी ते तसंच चालवलं असतं, असं मला वाटतं.

एका शुक्रवारी सकाळी त्या फोटो घेऊन आल्या. त्यात प्राथमिक शाळेच्या सभागृहाचं दार होतं. पुरुषभर उंचीच्या वर गेलेलं, जाड फळ्यांचं, दोन झडपांचं. मिस्त्रींनी भिंग लावलं. मग खिडकीकडे सरकून फोटो उजेडात धरला.

“हा कधी काढलास?”

“सोमवारी.”

“उजव्या झडपेच्या वर फट बघ. बोट जाईल एवढी आहे. वरची बिजागरी सुटत आलीय. सगळं वजन खालच्या एकटीवर.” ते थांबले. “तिथे मुलं असतात?”

“मधल्या सुट्टीत झोके घेतात की त्या दारावर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“जा. आत्ता जा.”

बाई तडक गेल्या. मी गळ्यात होतोच. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं, फोटोही पाहिला. “अर्ज देऊन ठेवा,” त्या म्हणाल्या. “दुरुस्तीवाले पुढच्या आठवड्यात यायचेच आहेत.” शिपाईमामा दारातून हसले. “वीस वर्षं मी ते दार उघडतोय, बाई. काही होत नाही त्याला. तुम्ही सुतार आहात का?”

“नाही. सुताराची बायको आहे.”

“मग सुतारांनाच पाठवा.”

बाई घरी आल्या आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्री घड्याळाकडे पाहत होते. मधली सुट्टी व्हायला पाऊण तास होता.

“ते कपडे काढ,” ते म्हणाले.

“कुठले?”

“खुर्चीवरचे. आणि पेटी मांडीवर दे.”

बाईंनी कपडे उचलून जमिनीवर टाकले. घडीसुद्धा घातली नाही. शेजारचा इस्त्रीवाला आणि बाई, दोघांनी मिळून मिस्त्रींना खुर्चीसकट तीन पायऱ्या उतरवलं. रस्त्यावर येताच मिस्त्रींनी मान खाली घातली. दोघं-तिघं थांबून पाहू लागले. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही, त्या खुर्ची ढकलत राहिल्या. वळणावर कोपऱ्यावरचं दार आलं तशी मिस्त्रींनी मान वर केली. पितळी बिजागऱ्यांकडे एक नजर टाकून म्हणाले, “फोटोत दिसतं त्याहून वाईट आहे.” त्यानंतर त्यांनी मान खाली घातली नाही.

शाळेत पोहोचलो तेव्हा सुट्टीला दहा मिनिटं होती. मिस्त्री मोठ्या बाईंना म्हणाले, “अर्ज नंतर देतो. आधी मामांना स्टुलावर चढून वरच्या स्क्रूला हात लावू द्या.”

शिपाईमामा हसत चढले. त्यांनी स्क्रूला बोट लावलं आणि तो त्यांच्या हातात आला. जोर न लावता. मग दुसरा. मामा हळूच स्टुलावरून उतरले आणि दाराखालून बाजूला झाले. मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “घंटा देऊ नका,” त्या म्हणाल्या. “मुलांना मागच्या दाराने सोडा.”

काम सुरू झालं. आत्तापर्यंत बाईंनी हत्यारांना फक्त धूळ झटकायला हात लावला होता. मिस्त्री खुर्चीतून सांगत होते. आधी दाराखाली पाचर ठोक. मोकळ्या भोकांत लाकडाच्या खुंट्या बसव. आता लांबचा स्क्रू. “डावीकडे नाही, तुझ्या डावीकडे!” “माझी डावी हीच आहे!” मामांनी खांद्याने दार तोलून धरलं होतं. मला उतरवून ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई पुढे झुकल्या तसा मी दारावर आपटलो. हा पोचा तेव्हाचा.

तासाभराने मिस्त्रींनी दार लावायला सांगितलं. बाईंनी लावलं. झडप न कुरकुरता चौकटीत जाऊन बसली. मिस्त्रींनी एकदा उघडायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं. मग म्हणाले, “हात बरा आहे तुझा.”

“सांगणारा बरा होता,” बाई म्हणाल्या. 

मित्रांनो, त्या दिवसानंतर माझं काम कमी होत गेलं. सोमवारी शाळेतून बोलावणं आलं, आणखी चार दारं पाहायला. मग शाळेशेजारच्या घरातून. मिस्त्री खुर्चीत बसून दाराला कान लावत, बाई पटाशी चालवत. दोघं भर रस्त्यात मोठ्याने भांडत आणि लोक त्यांना ओळखू लागले. सुरुवातीला मी रोज बरोबर असे. मग आठवड्यातून एकदा. एका रिळातले अकरा फोटो काढायचे राहिले, ते राहिलेच. जे दार समोर जाऊन ठोकून पाहता येतं, त्याचा फोटो कशाला? एके दिवशी बाईंनी मला कातडी खोळीत घालून परत कपाटावर ठेवलं. खोळ दमट होती. बुरशी तिथेच धरली.

मला अडगळीत टाकलं याचं वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. थोडं वाटतं. वस्तू कोरडी ठेवावी, महिन्यातून एकदा बाहेर काढावी, कळ दाबून पाहावी, एवढं केलंत तर माझ्यासारखे पुष्कळ जण आणखी बरीच वर्षं टिकतील. ते जरूर करा.

पण मला दुसरंही एक सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला बाहेरचं जग आणून दाखवा. फोटो दाखवा, गोष्टी सांगा, भांडा हवं तर. आणि ज्या दिवशी तो ‘मला ने’ म्हणेल, त्या दिवशी हातातलं सगळं जमिनीवर टाकून त्याला न्या. मी त्या गावातली शेकडो दारं टिपली, पण फोटोतलं दार कधी उघडत नाही.