नऊ दिवसांची फेरी

सकाळपासून चिमणीच्या पायाला भिंगरी लागली होती. वेधशाळेतल्या खोलीत ती खुर्चीत बसे, पडद्यावरचा आलेख बघे आणि पुन्हा उठे. दुपारी खालच्या सभागृहात तिच्या वडिलांचा सत्कार होता, आणि ते त्यांच्या लाडक्या ताऱ्यावर बोलणार होते.

त्या ताऱ्याच्या अंगावर सिलिकॉन आणि क्रोमियमचे डाग आहेत. चुंबकीय क्षेत्रानं ते जागच्या जागी धरून ठेवलेत. तारा फिरता फिरता डाग समोर आला की उजेड वाढतो. तो दर साडेचार दिवसांनी वाढतो, म्हणजे डाग एकाच बाजूला आणि ताऱ्याची फेरी साडेचार दिवसांची, हे बाबांनी तरुणपणी मांडलं आणि त्यांचं नाव झालं.

चिमणीची नवी मोजणी वेगळंच सांगत होती. एकदा उजेड वाढताना ताऱ्याचा उत्तर चुंबकीय ध्रुव समोर असायचा, पुढच्या वेळी दक्षिण. म्हणजे डाग दोन, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. फेरी नऊ दिवसांची.

शेवटी राहवेना म्हणून ती घरी गेली. बाबा शर्टाला इस्त्री करत होते. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"यंत्र तपास तुझं," ते मान वर न करता म्हणाले.

"तपासलं, बाबा. दुसऱ्या वेधशाळेचंही तेच येतंय."

"आजचाच मुहूर्त सापडला होय तुला?"

"उद्या सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, काल का गप्प बसलीस."

बाबा कॉलर चांगलीच कडक होईपर्यंत इस्त्री फिरवत राहिले.

सभागृहात चिमणी मागच्या रांगेत बसली. बाबा जुनंच व्याख्यान देत होते, जुनीच चित्रं, जुनेच विनोद. लोक हसत होते आणि तिला मात्र कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. टाळ्या थांबल्यावर बाबांनी घसा खाकरला.

"माझी मुलगी म्हणते, फेरी नऊ दिवसांची आहे. मला अजून पटलेलं नाही. पण मोजणी तिची, तेव्हा तिनंच सांगावं. ये गं."

ती पुढे गेली. सुरुवातीला शब्द अडखळले. ध्रुवांपाशी आल्यावर मात्र आवाज स्थिरावला. बाबा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिला रात्रभर धड झोप लागली नाही.

सकाळी ती कामावर पोचली तर बाबा तिच्याच खुर्चीत बसलेले, चष्मा कपाळावर.

"कच्ची मोजणी कुठे ठेवतेस? हे गुळगुळीत आलेख नकोत मला," ते म्हणाले. "आणि येरझारा घालू नकोस, डोकं फिरतं माझं. दुसरी खुर्ची ओढ."

तिनं खुर्ची ओढली. दुपारपर्यंत दोघं भांडत होती.


संध्याकाळी बाबांनी आपल्या जुन्या शोधनिबंधाची दुरुस्ती लिहायला घेतली. पहिल्याच वाक्यावरून दोघांचं पुन्हा वाजलं.